क्लिप फॉरवर्ड करण्याआधी...

पडलेला सेलिब्रिटी दिसला की आपला अंगठा लगेच स्क्रीनवर धावतो. हसायचं, हळहळायचं आणि 'स्वतःच्या कर्माने गेला' म्हणून मोकळं व्हायचं! पण व्यसन म्हणजे खरंच फक्त 'चॉइस' असते का? मुळशीच्या एका वीकएन्डला सुरू झालेली ही गोष्ट...

७ डिसेंबर २०२४, शनिवार. रिलीज एकदाचा 'लाइव्ह' गेलेला. टीमने ठरवलं, आता चिल मारायचं. हिंजवडीहून माण, घोटावडे, पौड करत चार गाड्या मुळशीच्या पाण्याकाठी एका भाड्याच्या बंगल्यावर पोहोचल्या. समोर धरणाचं निळंशार पाणी, मागे डोंगर, हवेत मस्त गारठा. अंगणात कोळशाच्या शेगडीवर पनीर आणि चिकन, टेबलावर ग्लास, स्पीकरवर गाणी. तुम्हाला सांगायला नकोच, असा वीकएन्ड तुम्हीही केला असेल.

रात्री साडेनऊच्या सुमाराला कुणीतरी मोबाइल टीव्हीला जोडला आणि 'ती' क्लिप लावली. तुम्ही पाहिलीच असणार. त्याच आठवड्यात, ३ डिसेंबरला, मुंबईत शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं होतं. स्टेजवर विनोद कांबळी खुर्चीत बसलाय, सचिन तेंडुलकर त्याला भेटायला येतो, विनोद त्याचा हात धरतो आणि तो हात काही सुटत नाही. बस्स, एवढंच. पण त्यावर कुणीतरी म्युझिक टाकलं होतं, कुणी डायलॉग. आम्ही सगळे खदाखदा हसलो. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू? बुधवारीच मी ती क्लिप दोन ग्रुपवर फॉरवर्ड केली होती, वर हसून रडणाऱ्या तीन इमोजी टाकून.

आमच्यातला एक जण मात्र उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. टीममधला सगळ्यात शार्प डोक्याचा. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं तर ज्याला फोन करायचा, तो हाच. त्याच्या हातात लिंबू सोडा होता. मला वाटलं, ड्रायव्हिंग त्याच्याकडे आहे म्हणून असेल.

'काय रे, बोअर झालास?' मी बाहेर जाऊन विचारलं.

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'तुम्ही सगळे त्याला बघत होतात. मी तुम्हाला बघत होतो.'

आणि मग तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. त्या वर्षी मार्चमध्ये तो महिनाभर सुटीवर होता. ऑफिसला त्याने 'कावीळ' सांगितली होती. कुणीतरी त्याला ऊसाचा रसही नेऊन दिला होता म्हणे. खरं तर तो व्यसनमुक्ती केंद्रात होता. पस्तीस दिवस. सकाळी अंघोळीआधी पहिला पेग लागायला लागला, हात थरथरल्याशिवाय लॅपटॉप उघडेना, तेव्हा त्याची आई आणि मोठी बहीण त्याला घेऊन गेल्या.

'कावीळ झाली म्हटलं की लोक उसाचा रस आणतात,' तो म्हणाला. 'दारू सुटत नाही म्हटलं की क्लिप काढतात.'

मी गप्प बसले. माझ्या मोबाइलवर ती क्लिप अजून तशीच होती. 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची मुदत कधीच संपली होती.

३४९ नाबाद

आपल्या पिढीतल्या अनेकांना कांबळी फक्त क्लिपमधून माहीत आहे. म्हणून आधी थोडं रेकॉर्ड बघू.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. शारदाश्रम विद्यामंदिरच्या दोन पोरांनी सेंट झेव्हियर्सच्या बोलर्सना घाम फोडला. ६६४ धावांची अभेद्य भागीदारी! सचिन ३२६ नाबाद आणि विनोद ३४९ नाबाद. हो, त्या दिवशी स्कोअरबोर्डवर वरचा आकडा विनोदचा होता. कांजूरमार्गच्या साध्या वस्तीतून किट सांभाळत लोकलने येणारा हा डावखुरा पोरगा.

फेब्रुवारी १९९३, वानखेडे, समोर इंग्लंड. विनोदच्या २२४. पुढच्याच महिन्यात दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. लागोपाठच्या दोन टेस्टमध्ये दोन डबल सेंच्युरी. अवघ्या १४ डावांत एक हजार टेस्ट धावा, भारतीयांमध्ये सगळ्यात वेगवान. एकूण १७ टेस्ट, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. आणि शेवटची टेस्ट १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी! ज्या वयात आपण कॅम्पस इंटरव्ह्यूला टाय बांधायला शिकतो, त्या वयात त्याचं टेस्ट करिअर संपलं होतं. वन-डे तो पुढे २००० पर्यंत खेळला. १९९६ च्या वर्ल्ड कपमध्ये ईडन गार्डन्सवर सेमीफायनल अर्धवट थांबली, तेव्हा मैदानातून रडत बाहेर येणारा विनोद अख्ख्या देशाने पाहिला. तेव्हा मात्र त्याच्या रडण्यावर कुणी म्युझिक टाकलं नव्हतं. लोकही त्याच्याबरोबर रडले होते.

२०१३ मध्ये गाडी चालवताना त्याला हार्ट अटॅक आला. २०२२ मध्ये त्याने मोकळेपणाने सांगितलं की बीसीसीआयचं महिन्याचं तीस हजारांचं पेन्शन हेच आपलं उत्पन्न आहे, काम द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये रस्त्यावर त्याला धड चालताही येत नसल्याचा व्हिडिओ आला. डिसेंबरात शिवाजी पार्कची क्लिप आली. दोन्ही वेळा सोशल मीडियाच्या कोर्टाने पाच मिनिटांत निकाल दिला, 'टाइट आहे!'

आणि मग २१ डिसेंबरला तो ठाणे जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये अॅडमिट झाला. लघवीचा संसर्ग, पायात गोळे. पुढच्या तपासण्यांमध्ये डॉक्टरांना मेंदूत रक्ताच्या गाठी सापडल्या. त्याआधीच दिलेल्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की दारू-सिगारेट आपण काही महिन्यांपूर्वीच सोडली आहे.

म्हणजे बघा. आपण ज्या झोकांड्यांवर हसलो, त्यांच्यामागे आजार असू शकतो, हा विचार आपल्या डोक्यातही आला नाही. एकदा माणसावर 'बेवडा' असा शिक्का बसला की त्याला ताप आला तरी लोक म्हणणार, 'उतरली नसेल अजून!'

एक शाळा, एक सर, दोन पोरं

विनोदच्या बाबतीत आपल्याला आणखी एक सोय आहे. शेजारीच सचिन उभा आहे! एकच शाळा, एकच कोच, एकच मैदान. एक 'भारतरत्न' झाला, दुसरा... मग काय, मॉरल ऑफ द स्टोरी तयार. शाळेच्या गॅदरिंगपासून कॉर्पोरेट ट्रेनिंगपर्यंत ही स्लाइड फिरते. 'टॅलेंट पुरेसं नसतं, डिसिप्लिन लागते.' खाली दोघांचे फोटो.

स्लाइड दिसायला मस्त आहे, पण अर्धवट आहे. दोन माणसं एकाच मैदानावर खेळली म्हणून दोघांना एकच घर, एकच शरीर आणि एकच नशीब मिळालं असं होत नाही. दारू दोन माणसांच्या शरीरात सारखी वागत नाही. व्यसनाचा धोका साधारण निम्मा आनुवंशिक असतो, असं संशोधन सांगतं. उरलेला भाग घडतो वय, ताण, सोबत, पैसा, एकटेपणा आणि हाताशी काय उपलब्ध आहे यातून. एकाच टेबलवर बसून पाच जण पितात. चौघं सोमवारी फ्रेश होऊन ऑफिसला येतात. पाचव्याची गाडी घसरते. यात चौघांचं कर्तृत्व किती आणि लक किती?

याचा अर्थ विनोदच्या हातून चुका झाल्याच नाहीत असं नाही. त्याच्यावर प्रेम करणारेही ते म्हणत नाहीत. पण चूक केलेल्या माणसाला आजार होऊ शकत नाही, हा नियम कुणी केला? डाएट न पाळणाऱ्या डायबेटिक काकांना आपण इन्सुलिन नाकारतो का?

पहिला पेग आणि पन्नासावा

आता येऊ मूळ मुद्द्यावर. चॉइस.

'कुणी बंदूक लावून पाजली होती का?' हा आपला आवडता प्रश्न. बरोबर आहे, पहिला पेग बहुतेक वेळा आपणच उचलतो. पण पहिला पेग घेणारा मेंदू आणि काही वर्षांनी सकाळी सातला बाटली शोधणारा मेंदू, हे दोन वेगळे मेंदू असतात.

थोडं सायन्स, फार नाही! आनंदाची नोंद ठेवणारं एक सर्किट मेंदूत असतं, त्याचं रसायन म्हणजे डोपामिन. दारू किंवा ड्रग्ज त्या सर्किटला मोठा झटका देतात. पुन्हापुन्हा झटके बसले की मेंदू स्वतःच आवाज कमी करतो. मग तेवढ्याच किकसाठी जास्त प्रमाण लागतं आणि साध्या गोष्टींमधली मजा जाते. त्याच वेळी मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे 'थांब, उद्या डेडलाइन आहे' असं सांगणारा आपला आतला प्रोजेक्ट मॅनेजर, कमजोर होत जातो. म्हणजे ज्या अवयवाने सोडायचा निर्णय घ्यायचा, तोच आजारी पडलेला असतो.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मित्राकडून कळेपर्यंत मलाही माहीत नव्हती. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने एका दिवसात अचानक दारू बंद केली, तर ते जिवावर बेतू शकतं. हात कापणं, घाम, भास, फिट्स, आणि दोन-तीन दिवसांत भ्रमाची अवस्था. म्हणून 'मर्द असशील तर उद्यापासून सोड' हा सल्ला प्रेमाचा वाटला तरी धोक्याचा आहे. सोडायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यपाशाला आजार म्हणून मान्यता दिली १९५६ मध्ये. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतल्या.

मग चॉइसला काही अर्थच नाही का? आहे ना! मित्राने हे माझ्यापेक्षा छान सांगितलं. 'आजारी पडणं माझ्या हातात किती होतं ते माहीत नाही. पण औषध घेणं माझ्या हातात आहे. आणि ते एकदा ठरवून भागत नाही, रोज सकाळी ठरवावं लागतं. फक्त आजचा दिवस.'

म्हणूनच पुन्हा घसरणं हाही या आजाराचाच भाग आहे. ब्लड प्रेशर किंवा दम्याच्या पेशंटची तब्येत जशी अधूनमधून बिघडते, तसंच. विनोदच्या एका जुन्या मित्राने सांगितलं होतं की तो १४ वेळा रिहॅबला जाऊन आला. हा आकडा आपल्याकडे जोक म्हणून फिरला. पण उलटं वाचून बघा. हा माणूस १४ वेळा पुन्हा उभं राहायला गेला!

१९८६ ची दोन टोकं

सेलिब्रिटीच्या ग्लासात डोकावण्याची आपली हौस काही नवी नाही. व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हा नाट्यगृहाचा व्हरांडा होता.

डॉ. काशिनाथ घाणेकर. पेशाने डेंटिस्ट, पण मराठी रंगभूमीचे पहिले सुपरस्टार. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी, 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. त्यांच्या एन्ट्रीला थिएटर दणाणून जायचं. आणि त्याच व्हरांड्यात चर्चाही चालायची, आज डॉक्टर किती घेऊन आलेत? प्रयोग होणार की पडदा पडणार? टाळ्या वाजवणारे हात आणि कुजबुजणारी तोंडं एकाच प्रेक्षकाची. २ मार्च १९८६ ला दौऱ्यावर असताना अमरावतीत ते गेले. नंतर २०१८ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, सुबोध भावेने भूमिका केली, आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवल्या. गेलेल्या माणसाला आपण किती पटकन माफ करतो, नाही?

त्याच वर्षी, सहा महिन्यांच्या आत, २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात एक दार उघडलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिल अवचट ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या मुलांवर लिहीत होते, पुढे ते 'गर्द' या पुस्तकात आलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे नुसते हळहळले नाहीत, त्यांनी पैसे उभे केले. आणि मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचट यांनी प्रत्यक्ष केंद्र चालवायला घेतलं. तिथे पेशंट म्हणजे 'गर्दुल्ला' नव्हता, मित्र होता. अनिताताई १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या, अवचट २०२२ मध्ये. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे धुरा घेतली. पेशंटच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, कारण दारू एक जण पितो आणि आजारी अख्खं घर पडतं.

घाणेकरांना असं दार वेळेत मिळालं असतं तर? उत्तर कुणाकडेच नाही. पण व्हरांड्यातल्या कुजबुजीने कुणी बरं झाल्याचं मात्र ऐकिवात नाही.

हिट असेल तर माफ!

आपला आणखी एक मजेशीर नियम आहे. माणूस परत हिट झाला की त्याचं व्यसन 'स्ट्रगल' होतं. फ्लॉप राहिला की तेच व्यसन 'लायकी' होतं.

संजय दत्तने ड्रग्जविषयी आणि अमेरिकेतल्या रिहॅबविषयी स्वतःच जाहीरपणे सांगितलं. २०१८ मध्ये 'संजू'ला आपण रांगा लावल्या. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर ड्रग्जपायी जेलमध्ये जाऊन आला. नंतर तो 'आयर्न मॅन' झाला आणि २०२४ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा सगळं जग उभं राहिलं. पण ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस परत येऊ शकली नाही. ती लडखडत असतानाचे फोटो पेपरांनी विकले, कॉमेडियन्सनी तिच्यावर जोक केले. जुलै २०११ मध्ये दारूच्या विषबाधेने ती गेली. वय फक्त २७. दुसऱ्या दिवशी तेच पेपर काळ्या चौकटीत.

तिच्या शेवटच्या महिन्यांत स्मार्टफोन प्रत्येक खिशात नव्हता. आज आहे. म्हणजे आज फोटोग्राफर आपणच!

'त्यांची क्लिप नाही निघत, ताई'

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याचे केअरटेकर मामा चहा घेऊन आले. गावातलेच. रात्रीच्या बाटल्या गोणीत भरताना सहज बोलत होते.

'ह्या डोंगराच्या अंगाची सगळी जमीन आमच्या भावकीची व्हती. आयटी आली, बंगलेवाले आले, गुंठ्यानं विकली. पैसा आला अन् पाठोपाठ बाटली आली. आमच्या वाडीतली दोन पोरं गेली त्यात. पस्तिशीच्या आत.'

मला लगेच 'मुळशी पॅटर्न' आठवला. प्रवीण तरडेंचा २०१८ चा सिनेमा, जमीन विकून रिकाम्या झालेल्या घराची आणि वाट चुकलेल्या पोराची गोष्ट. आपण मल्टिप्लेक्समध्ये त्यातल्या डायलॉगवर शिट्ट्या मारल्या. पण हिंजवडी आणि माण ही गावंही याच मुळशी तालुक्यातली, हे किती जणांच्या डोक्यात असतं? आपण ज्या टॉवरमध्ये बसून कोड लिहितो, तिथे काल-परवापर्यंत भाताची खाचरं होती. एका पिढीच्या हातात एकदम पैसा आला आणि रोजचं काम गेलं. आपल्या हातात एकदम पैसा आला आणि रोजचा ताण आला. बाटली मात्र एकाच दुकानातली!

मामांना मी रात्रीच्या क्लिपबद्दल सांगितलं. ते कसनुसं हसले. 'आमच्या पोरांची क्लिप नाही निघत, ताई. कोण काढनार? ती नुसती जातात.'

हे वाक्य पुण्याला येईपर्यंत डोक्यात राहिलं. सेलिब्रिटीला आपण चिडवतो तरी. मामांच्या वाडीतल्या पोरांकडे तर कुणी बघतही नाही. एम्सच्या तज्ज्ञांनी केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना दारूमुळे होणाऱ्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचे उपचार मिळतात. उरलेले ३७ कुठे आहेत? काही मामांच्या वाडीत. काही तुमच्या-माझ्या फ्लोअरवर, 'कावीळ' घेऊन.

जाता जाता एक गंमत. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि हार्ड लिकरसाठी २५ पूर्ण लागतं, शिवाय पिण्यासाठी परमिट लागतं, ते एक दिवसाचं, वर्षाचं किंवा आजन्म मिळतं. मुळशी-ताम्हिणीच्या वीकएन्डला किती जणांच्या खिशात ते असतं? म्हणजे 'मी कंट्रोलमध्ये आहे, तो नाही' असं म्हणणारे आपणही नियम सोयीनेच पाळतो.

मदत... पण अटीवर?

विनोदची क्लिप गाजल्यावर एक चांगली गोष्टही झाली. कपिल देव आणि १९८३ च्या टीमने मदतीची तयारी दाखवली. अट एकच, आधी विनोदने स्वतःहून रिहॅबला जायला हवं. विनोदनेही आपली तयारी असल्याचं सांगितलं.

यावर आमच्या ग्रुपमध्ये जोरदार वाद झाला. एकीचं म्हणणं, मदतीला अट कसली घालता? दुसऱ्याचं म्हणणं, अट नसेल तर पैसा सरळ बारमध्ये जाईल. मी माझ्या मित्राला विचारलं. तो म्हणाला, 'आईने मला पैसे देणं बंद केलं, पण जेवायला वाढणं बंद केलं नाही. अट दारूला होती, मला नव्हती.'

मला वाटतं, यापेक्षा नेमकं उत्तर नाही. एप्रिल २०२५ पासून सुनील गावसकर यांच्या 'चॅम्प्स' फाउंडेशनने विनोदला दरमहा तीस हजार रुपये आणि औषधपाण्यासाठी वर्षाला आणखी तीस हजार द्यायला सुरुवात केली. त्याआधी जानेवारीत, वानखेडेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात, विनोद गावसकरांच्या पाया पडला होता. त्याचीही क्लिप झाली. पण त्या क्लिपला तेवढे 'फॉरवर्ड' नाही मिळाले.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. २०१७ च्या त्याच कायद्यानुसार, मानसिक आजारावर केंद्रात उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही आरोग्य विमा द्यावा, असं हा कायदा विमा कंपन्यांना सांगतो. एचआरला तुमच्या पॉलिसीत काय आहे ते एकदा विचारून बघा. मात्र कायदा तुमच्या फॅमिली ग्रुपमध्ये येऊन बसणार नाही. तिथला नियम आपणच करायचा.

---
चौकट : स्वतःला विचारा हे चार प्रश्न

जगभरचे डॉक्टर वापरतात ती ही साधी चाचणी. उत्तर कुणाला दाखवायचं नाही, फक्त खरं द्यायचं!

१. दारू कमी करायला हवी, असं तुम्हाला कधी वाटलं आहे का?
२. तुमच्या पिण्यावर कुणी बोललं की तुम्ही वैतागता का?
३. पिण्यावरून कधी अपराधी वाटलं आहे का?
४. हँगओव्हर घालवायला किंवा हात स्थिर करायला सकाळी उठल्याउठल्या घ्यावी लागली आहे का?

दोन किंवा जास्त 'हो' असतील तर डॉक्टरांशी बोला. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलि-मानस' १४४१६. दोन्ही फुकट.
---

आणि तो?

सोमवारी मी त्या दोन ग्रुपवर मेसेज टाकला. 'त्या दिवशी मी क्लिप टाकली ते चुकलं. माणूस आजारी आहे.' एका ग्रुपवर दोन अंगठे आले. दुसऱ्यावर कुणीतरी लिहिलं, 'ओहो, मदर तेरेसा!' ठीक आहे. एवढं चालायचंच.

मित्राचं गुपित मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं की नाही, कधी आणि कुणाला, ही पूर्णपणे त्याची चॉइस होती. पुढच्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मुळशीला गेलो, त्याच बंगल्यावर. शेगडी पेटली, ग्लास भरले. नवीन जॉइन झालेल्या एका पोराने त्याच्यापुढे बिअर धरली. 'घे की रे, एकाने काय होतंय?'

क्षणभर मी श्वास रोखला.

'मला होतं,' तो शांतपणे म्हणाला. 'गेल्या वर्षीच्या आधीच्या मार्चमध्ये मला कावीळ झाली नव्हती. मी पस्तीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात होतो.'

सगळं टेबल गप्प. कुणी मोबाइल काढला नाही. मग ज्याने मागच्या वर्षी क्लिप टीव्हीला लावली होती, तोच उठला, आत गेला आणि बर्फ घालून लिंबू सोडा घेऊन आला.

'गोड का खारा, विचारायला विसरलो रे.'

'खारा,' तो म्हणाला. 'आणि उसाचा रस नको. मागच्या वेळचाच खूप झाला!'

मग मात्र आम्ही सगळे हसलो. तोही.